आधी रबर, मग शेकर: घरच्या रेसिंग सिम्युलेटरसाठी बास शेकर निवडताना

बास शेकर, म्हणजे गेममधल्या गाडीचे धक्के सीटला आणि पेडलला देणारं कंपनयंत्र, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. मी त्याला उलट तीन प्रश्न विचारते. काय हलवायचंय? ते किती जड आहे? आणि ते हलत असताना बाकीचं काय हलू द्यायचं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर पैसे खिशात राहू द्या. शेकर कितीही चांगला असला तरी तो तुम्हाला सोडून स्लॅबलाच हलवत बसेल.

मी पिथमपूरला एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स बघते. मोठ्या पॉवर प्रेसचा ठोका शेजारच्या ग्राइंडिंग मशीनपर्यंत पोचू नये म्हणून पायाखाली काय घालायचं, हे माझं रोजचं काम. इकडे इंदुरात, रामबागेजवळच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, शिकायला राहिलेल्या भाच्यानं लोखंडी चौकटीचा सिम्युलेटर उभा केला आणि मावशीच्या वाट्याला नेमकं उलटं काम आलं: कंपन पैदा करायचं, पण हवं तिथेच. मग त्याच्या मित्रांच्या रिग, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवलेल्या अशाच चौकटी, आल्या, मित्रांच्या मित्रांच्या आल्या. खाली जे लिहिते आहे ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, खाली शेजारी असलेल्या आणि महिन्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसासाठी आहे. स्वतंत्र घर असेल आणि रिग तळमजल्यावर असेल, तर निम्मी काळजी वजा करा.

आत काय असतं

शेकर म्हणजे पुढचा कागदी शंकू (कोन) नसलेला स्पीकर. कॉइल तीच, चुंबक तेच, पण हवा ढकलण्याऐवजी आत स्प्रिंगवर बसवलेलं वजन खालीवर होतं आणि ज्याला शेकर बोल्टनं आवळलाय ते उलट दिशेला ढकललं जातं. म्हणून आवळणी ढिली असेल तर महागातला शेकरही नुसता खडखडतो.

स्प्रिंग आणि वजन एकत्र आलं की त्यांची स्वतःची एक वारंवारता येतेच. ऑरासाउंडचा एएसटी-२बी-४ हा ५० वॅट, ४ ओहमचा जुना मुरलेला शेकर ४० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात बोलतो. डेटन ऑडिओचा बीएसटी-१ त्याच कुळातला, तोही ५० वॅट आणि ४ ओहम. या वारंवारतेच्या बरंच खाली गेलं की जोर झपाट्यानं पडतो: वारंवारता निम्मी झाली की जोर साधारण चौथाईवर येतो. त्यामुळे अशा शेकरकडून १५ हर्ट्झचा खोल धक्का मागू नका. तो देईल, पण पायापर्यंत पोचेल असं नाही.

डेटनचाच टीटी२५-८, ज्याला सगळे पक म्हणतात, तळहातावर मावतो. १५ वॅट, ८ ओहम. हा बघून लोक नाक मुरडतात. मला तो सगळ्यात जास्त आवडतो, कारण पुढे सांगते. दुसऱ्या टोकाला बटकिकरचा एलएफई. त्यात स्प्रिंगऐवजी चुंबकीय बळावर तरंगणारा पिस्टन असतो, कंपनी त्याची मर्यादा ५ हर्ट्झपासून सांगते, आणि त्याला किमान ४०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. चीज उत्तम आहे. फ्लॅटमध्ये लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वॅट. शेकरचा जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, आणि वॅट करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ५० वॅटच्या जागी १०० वॅट दिले तर जोर दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. दुप्पट जोर हवा तर चौपट वॅट मोजायचे. याउलट, जे हलवायचंय त्याचं वजन निम्मं केलं तर त्याच शेकरमध्ये हालचाल दुप्पट होते, आणि त्याला पैसा लागत नाही. ऑनलाइन दुकानात स्वस्तातल्या शेकरवर '२०० वॅट' असं ठळक छापलेलं असतं तेव्हा त्याखाली आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारे वॅट, किती लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर पुढे सरका.

शरीराला काय कळायला हवं

स्टिअरिंगचा फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरनं हाताला दिलेला जोर, पुढच्या चाकांबद्दल सगळं सांगतो. टायरनं पकड सोडली की हातातलं वजन हलकं होतं, ते कळतं. पण दोन गोष्टींबद्दल तो जवळपास मुका असतो: ब्रेक दाबताना चाक लॉक होणं, आणि मागची चाकं घसरणं. खऱ्या गाडीत मागची घसरण माणसाला कमरेत कळते. घरी गाडी जागची हलतच नसते, त्यामुळे ते डोळ्यांनी कळेपर्यंत उशीर होऊन गाडी आडवी झालेली असते.

तेव्हा पहिला शेकर ब्रेकला. दुसरा सीटच्या पाठीला किंवा बुडाशी, मागच्या घसरणीसाठी. मग पैसे उरले तर सीटच्या डावी-उजवीकडे एकेक, म्हणजे कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) कुठलं चाक चढलं ते कळेल. इंजिनची घरघर सगळ्यात शेवटी.

हा क्रम ऐकून पोरं हिरमुसतात, कारण सगळ्यांना आधी इंजिन हवं असतं. पण इंजिनचं गणित बघा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडरची मारुती ८०० मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभी असेल तर सेकंदाला २० ठोके, म्हणजे २० हर्ट्झ. चार सिलिंडरची गाडी ९०० वर ३० हर्ट्झ देते, आणि ६,००० फेऱ्यांवर २००. सहा सिलिंडरची रेसिंग पोर्शे ९,००० वर गेली की ४५० हर्ट्झ. आपला ४० हर्ट्झवाला शेकर तिथे कधीच हात टेकून बसलेला असतो. म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनचा खोटाच आकडा शेकरच्या पट्ट्यात बसवून देतं. मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्यानं लॅप टाइम कमी होत नाही, आणि ते सतत चालू राहिलं की ब्रेकचा बारीक निरोप त्याखाली दबून जातो.

वजन

आता तो पक का आवडतो ते. सबंध रिगचं वजन करून बघा. आमच्याकडची चौकट ४० गुणिले ४० मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइपची. त्यावर जुन्या हॅचबॅकची भंगारातली सीट, स्टिअरिंगचा बेस, पेडल, आणि वर बसलेला माणूस. शंभर किलोच्या पुढे आकडा सहज जातो. हे सगळं एका शेकरनं हलवायचं म्हटलं तर मोठा शेकर, मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि खालच्या मजल्याशी मोठं भांडण. ब्रेकचं एकटं पेडल हे त्या मानानं काहीच नाही. त्याच्या पाठीला पत्र्याची छोटी पट्टी वाकवून पक आवळला की १५ वॅटसुद्धा बुटाच्या तळव्यातून सरळ वर येतात.

इथे एक अडचण आहे ती सांगून ठेवते. पेडलची संपूर्ण प्लेट रबरवर टाका असं बरेच जण सुचवतात, म्हणजे तिचं कंपन चौकटीत उतरत नाही. साध्या पेडलला ते चालतं. पण लोडसेलचा, म्हणजे पायाचा दाब मोजणारा, ब्रेक असेल, आणि तुम्ही त्यावर ५०-६० किलोचा दाब देत असाल, तर प्लेट मागे सरकते आणि ब्रेकचा अंदाज बिघडतो. रबर दाबलं जाताना कडक असतं आणि आडवं ढकललं जाताना मऊ, हा त्याचा स्वभाव वापरा: प्लेटच्या पुढच्या कडेला एक उभं रबर असं लावा की ब्रेकचा दाब त्याला सरळ चेपेल. ही खटपट नको असेल तर पक थेट पेडलवर, आणि प्लेट घट्ट. लोडसेलवाल्यांना मी हेच करायला लावते.

सीटच्या बाबतीत शेकर लोखंडाला किंवा फायबरच्या कवचाला लागला पाहिजे. भंगारातल्या गाडीच्या सीटचा फोम जाड असतो, तो निम्मं कंपन गिळतो. म्हणून तिच्या पाठीच्या लोखंडी सांगाड्याला, कमरेच्या उंचीवर शेकर लावते. शेकर ज्या अक्षात हलतो तो अक्ष तुमच्या पाठीकडे आला पाहिजे. चौकटीच्या कोपऱ्यात जागा मिळाली म्हणून आडवा-तिडवा बसवला तर तो चौकट पिळत राहतो आणि तुम्हाला काही मिळत नाही. बकेट सीट (रेसिंगची कडक कवचाची सीट) असेल तर नशीबवान आहात, खाली एक पट्टी टाकून मधोमध बसवा.

पोकळ पाइप वाजतो. कुठल्याशा आवाजावर तुमची चौकट गुणगुणायला लागली तर त्या पाइपात कोरडी, चाळलेली वाळू भरून तोंडं बंद करा. वजन वाढतं, पण गुणगुण मरते.

रबर

या भागावर मी वेळ घालवणार आहे, कारण याच्यावर कुणी पैसे घालवत नाही.

रिगच्या पायांखाली रबर का घालायचं? शेकरचं कंपन पायातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून खालच्या घरात जातं. हा हवेतून जाणारा आवाज नसतो, त्यामुळे दार लावून, पडदे लावून काही होत नाही. आमच्या खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात स्टीलचे पेले एकमेकांना टेकून ठेवलेले असतात. तसले पेले ३०-४० हर्ट्झला किणकिणतात, आणि काकूंना वाटतं भूकंप झाला.

नियम एकच लक्षात ठेवा. रबर वजनाखाली जितकं खाली बसतं, तितकं ते जास्त अडवतं. गणित असं: १५.८ ला, रबर जितके मिलिमीटर दबलं त्याच्या वर्गमुळानं भागा, की रिगची रबरावरची स्वतःची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. ५ मिलिमीटर दबलं तर ७ हर्ट्झ. रबराचं अडवणं त्या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वर सुरू होतं, म्हणजे इथे १० हर्ट्झच्या वर. ४० हर्ट्झच्या कंपनाचे कागदावर जेमतेम ३ टक्के खाली जातात, २० हर्ट्झचे १४ टक्के. १० हर्ट्झचे जवळपास सगळे. आणि ७ हर्ट्झला तर रबर उलट कंपन वाढवतं. म्हणूनच मी बटकिकरच्या त्या खोल ५ हर्ट्झला फ्लॅटमध्ये नको म्हणते: तिथे घरगुती रबर काहीच करू शकत नाही.

आता दुकान. सियागंज भागात हार्डवेअरच्या दुकानांतून जनरेटरखाली लावतात ते एव्हीएम (अँटी-व्हायब्रेशन माउंट) मिळतात, म्हणजे वर-खाली एम-८ किंवा एम-१० चा स्टड असलेले रबरी गोळे. दुकानदार हमखास म्हणणार, "मैडम, हेवी वाला ले जाओ, बरसों नहीं बैठेगा।" अहो, बसायलाच तर हवंय. १२० किलोची रिग सहा पायांवर ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० किलो येतात. १०० किलोसाठी बनवलेला माउंट २० किलोखाली मुंगीएवढाही दबत नाही, आणि न दबणारं रबर म्हणजे लाकडाचा ठोकळा. तेव्हा किती भार सोसेल हे विचारू नका, आपल्या भाराखाली किती बसेल ते बघा. दुकानातच बघता येतं. सारखे दोन माउंट फळीखाली ठेवा आणि फळीवर मध्ये उभे राहा. तुमचं वजन ६० असेल तर प्रत्येकावर ३० आले. उंची फूटपट्टीनं आधी आणि नंतर मोजा. आपल्या पायागणिक भाराला ४-५ मिलिमीटरच्या आसपास फरक पडला तर तो माउंट घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

योगा मॅट, दरवाज्यातलं पायपुसणं, फरशीवरचा कार्पेट यांनी खुर्चीचा ओरखडा वाचतो, कंपन नाही. लाकडी कड्यात बसवलेले टेनिसचे चेंडू मात्र खरोखर चालतात, कारण ते दबतात. दिसायला गबाळे आहेत, आणि काही महिन्यांनी बसके होतात. बजेट अगदीच नसेल तर त्यांनी सुरुवात करा.

रिग रबरावर डुलेल, ब्रेक दाबल्यावर पुढे झुकेल, ही भीती बऱ्याच जणांना असते. सीट आणि पेडल एकाच चौकटीवर असतील तर पायाचा दाब आणि पाठीचा दाब चौकटीतल्या चौकटीत मिटतो, जमिनीपर्यंत जातच नाही. थोडं डुलणं राहतं. ते खऱ्या गाडीतही असतं. मॉनिटर मात्र वेगळ्या स्टँडवर ठेवा, नाहीतर पडदा थरथरला की डोळे दुखतात.

पिथमपूरला नॅट्रॅक्सचं वाहन-तपासणी केंद्र आहे, ज्याचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. लोक त्या ट्रॅकचीच चर्चा करतात, पण तिथे गाडीचा आराम तपासायला ट्रॅक वेगळा आहे आणि आवाज तपासायला वेगळा. घरीही या दोन तपासण्या वेगळ्या करा. वर बसून काय जाणवतं ती एक. दुसरीसाठी भाच्याला गाडी चालवायला बसवा आणि स्वतः खाली काकूंकडे जाऊन पेल्यांच्या शेजारी उभ्या राहा. शक्यतो संध्याकाळी, त्यांचा टीव्ही बंद असताना.

अ‍ॅम्प्लिफायर

महाराणी रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शेकरचा विषय काढा, "कार में लगाना है क्या?" हाच प्रश्न येणार. हो म्हणू नका, नाहीतर १२ व्होल्टचा कार अ‍ॅम्प गळ्यात पडेल आणि त्याला पुरेसा करंट देणारा पॉवर सप्लाय वेगळा शोधत बसाल.

पक आणि ५० वॅटच्या शेकरसाठी टीपीए३११६डी२ या चिपचा छोटा क्लास-डी बोर्ड पुरतो. जाहिरातीत त्यावर २ गुणिले १०० किंवा १२० लिहिलेलं असतं. चिप बनवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ४ ओहमला ५०-५० वॅट सांगते, तेही २१ व्होल्टवर. तिची मर्यादा २६ व्होल्टची, म्हणून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावा. एक बोर्ड, दोन चॅनल, दोन शेकर. घरात पडून असलेला जुना स्टिरिओ डेकचा अ‍ॅम्प्लिफायर चालू स्थितीत असेल तर तोही उत्तम, पकला तर पुरून उरेल.

ओहमचा हिशेब चुकवू नका. ४ ओहमचे दोन शेकर पॅरलल जोडले की २ ओहम होतात आणि छोटा बोर्ड तापून बंद पडतो. तेच सीरिजमध्ये ८ ओहम होतात, जोर कमी पण बोर्ड सुखात. ८ ओहमचे दोन पक पॅरलल जोडले की ४ ओहम, अगदी बरोबर. ५० वॅटला ४ ओहमवर साडेतीन अँपिअर जातात, त्यासाठी १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर घ्या.

एक उपद्रव असा की पीसी आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले की बऱ्याचदा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, येतो. स्पीकरमध्ये तो कानाला टोचतो. शेकरमध्ये तो सतत बुडाखाली बसून राहतो, कारण ५० हर्ट्झ नेमका त्याचा आवडता पट्टा. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, अर्थिंग खरं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तरीही राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, पण अगदी स्वस्तातला नको. त्यातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर हमबरोबर तुमचे खालचे हर्ट्झही खाऊन टाकतो.

साउंड कार्ड आणि सॉफ्टवेअर

गेमचा आवाज बास फिल्टर करून शेकरला देता येतो. प्लेस्टेशनवाल्यांपुढे बहुतेक वेळा तोच रस्ता असतो. पण त्यात सगळं एकत्र येतं: इंजिन, शेजारून जाणारी गाडी, मेन्यूतलं संगीत. पीसी असेल तर सिमहब हे सॉफ्टवेअर घ्या. ते गेममधून टेलिमेट्री वाचतं, म्हणजे चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यांची तुलना करून चाक लॉक झालं का ते काढतं, आणि तेवढाच इशारा तुम्ही सांगाल त्या शेकरला पाठवतं. फुकट आवृत्तीत डेटा सेकंदाला १० वेळा येतो, पैसे भरलेल्या आवृत्तीत ६० वेळा. ब्रेक लॉकसाठी हा फरक मोठा आहे, तेव्हा लायसन्स घ्या. शेकरच्या मानानं ते स्वस्त पडतं. ग्रॅन टुरिस्मो ७ किंवा एफ-वनचे गेम कन्सोलवर खेळत असाल तर घरच्या नेटवर्कवरून त्यांचाही डेटा पीसीवरच्या सिमहबला मिळतो.

साउंड कार्ड यूएसबीचं, ७.१ चं (आठ चॅनलचं), साधं. सीएम६२०६ चिपवाली स्वस्त कार्डं चालतात. आपल्याला संगीत ऐकायचं नाहीये. विंडोजमध्ये त्याला ७.१ स्पीकर म्हणून बसवा, सगळे ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, आणि डिफॉल्ट डिव्हाइस हेडफोनच राहू द्या. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचा प्रत्येक मेसेज कमरेत वाजेल.

सेटिंग

गेम सुरू करण्याआधी टोन जनरेटरवरून १५ हर्ट्झपासून १०० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं सूर वाजवा आणि बसून कागदावर लिहा: कुठे जोर, कुठे मेलेलं, कुठे चौकट खडखडली. प्रत्येक रिगचा हा कागद वेगळा येतो, म्हणून दुसऱ्याची प्रोफाइल आणून टाकली तर ती जुळत नाही. जिथे नुसती चौकट खडखडते त्या वारंवारता टाळा, आणि ब्रेक, घसरण, कर्ब यांना एकमेकांपासून लांबच्या वारंवारता द्या. ब्रेक लॉक ५५-६० ला आणि मागची घसरण ३५-४० ला असेल तर डोळे मिटूनही फरक कळतो.

एका वेळी एकच इफेक्ट चालू करा. ब्रेकसाठी मी सगळ्यांना इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) पाठवते: लांबलचक सरळ रस्ता, मग जवळपास उभं राहण्याइतका ब्रेक, आणि लगेच उंच कर्ब. तिथे मुद्दाम जोरात ब्रेक दाबून चाक लॉक करा, आणि इशारा लॉक होण्याच्या किंचित आधी यायला लागेल इतकी थ्रेशोल्ड, म्हणजे इशारा सुरू व्हायची पातळी, खाली आणा. लॅपचा बहुतेक वेळ ब्रेकचा शेकर गप्प असला पाहिजे. तो सारखा बडबडत असेल तर गेन (इशाऱ्याचा जोर) कमी करू नका, थ्रेशोल्ड वाढवा. मग मागच्या घसरणीचं तसंच, एखाद्या संथ वळणातून लवकर अ‍ॅक्सिलरेटर दाबून.

मणक्याचा, स्लिप डिस्कचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर सीटचा शेकर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेडलच्या पकनं कुणाची कंबर धरल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही.

खरेदी करताना

परदेशातून मागवत असाल तर किंमत कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून काढा. शेकर जड असतो, कुरियर वजनावर चालतं, आणि स्वस्त वाटलेला सौदा इंदूरला पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही. शेकर आणि अ‍ॅम्प असा एकत्र सेट घेताना अ‍ॅम्पच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर १००–२४० व्होल्ट असेल तर ठीक. नुसतं १२० असेल तर तो आपल्या २३० वर पहिल्याच मिनिटाला जळेल; तेव्हा फक्त शेकर मागवा आणि अ‍ॅम्प इथेच बनवा.

पहिल्या पगारात काय घ्यायचं म्हणाल तर: सहा रबर माउंट, एक पक, टीपीएचा बोर्ड आणि एसएमपीएस, यूएसबी कार्ड, सिमहबचं लायसन्स. बोर्डचा दुसरा चॅनल मोकळा राहील, त्यावर पुढे सीटचा ५० वॅटवाला लागेल. डावा-उजवा जोड घ्यायचा झाला की दुसरा बोर्ड.

साधा नट शेकरखाली टिकत नाही. सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न होणारे) वापरा, आणि वायर टर्मिनलच्या दोन इंच अलीकडे केबल टायनं चौकटीला बांधा, नाहीतर तांब्याचे धागे डाखाच्या तोंडाशीच एकेक करून तुटतात. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा पाना लावून बघा. नवीन रबरही त्याच सुमारास थोडं बसतं, तेव्हा रिगची लेव्हल पुन्हा तपासायची ती याच वेळी.